सूर्याचे डाग आणि सुनेचं ताट

माझी नात १३ मे २०२४ ला पहाटे जन्मली. त्या दिवशी आमच्या बीड जिल्ह्यात लोकसभेचं मतदान होतं. सकाळी रांगेत उभा राहून मत दिलं आणि बोटावरची शाई वाळायच्या आत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. सिस्टरनी कापडात गुंडाळलेलं ते इवलंसं गाठोडं माझ्या हातात दिलं. हातात काही आहे असं वाटेना.

"वजन किती?" मी विचारलं.

"दोन किलो पन्नास ग्रॅम. दिवस पूर्ण भरलेत, पण वजन कमी आहे, चाचा. आईच्या छातीशी सारखं धरून ठेवायचं. पहिले काही दिवस अंघोळ घालू नका."

अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं, हे मला माहीत होतं. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलंय. पण फळ्यावर लिहिलेला आकडा वेगळा आणि आपल्या तळहातावर श्वास घेणारा आकडा वेगळा.

घरी कळवलं तेव्हा पहिला फोन आला माझ्या मोठ्या बहिणीचा, आपाचा. तिने बाळाचं रंगरूप विचारलं, वजन विचारलं आणि लगेच निकाल दिला, "बहू गिऱ्हाणात बाहेर फिरली असेल. कात्री-सुरीला हात लावला असेल. मी तेव्हाच सांगितलं होतं."

मी तिला हिशेब सांगितला. सुनेच्या त्या नऊ महिन्यांत आपल्याकडून दिसलेलं ग्रहण एकच, २८ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतरचं चंद्रग्रहण. तेव्हा ती गाढ झोपली होती. ८ एप्रिलचं सूर्यग्रहण अमेरिकेत दिसलं, आपल्याकडे तेव्हा रात्र होती.

आपा म्हणाली, "तू मास्तर. तुला सगळं पाठ. पण पोर बारीक झाली ना?"

तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी आपाला मनातल्या मनात हसलो खरा. पण आठवड्याभरात मीही तेच करत होतो, फक्त जरा शिकलेल्या भाषेत. नातीच्या जन्माच्या दोन-तीन दिवस आधी, १० आणि ११ मेच्या रात्री, मोठं सौरवादळ आलं होतं. २००३ नंतरचं सर्वांत जोरदार. लडाखमध्ये हानले इथल्या वेधशाळेने आकाश लाल झाल्याचे फोटो टिपले, ते आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आले. माझ्या एका निवृत्त शिक्षक मित्राने त्या फोटोसोबत एक मजकूर व्हॉट्सॲपवर धाडला. सूर्यावर डाग वाढतात त्या वर्षांत जन्मलेली मुलं आकाराने आणि प्रकृतीने वेगळी असतात, यावर परदेशात संशोधन झालंय, असं त्यात होतं. मित्राने खाली लिहिलं होतं, "सर, तुमच्या नातीचं कारण सापडलं."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. गिऱ्हाण म्हणायला लाज वाटते, सौरचक्र म्हणायला वाटत नाही. मी लगेच वाचायला बसलो.

सूर्यावरचे डाग ठरावीक काळाने वाढतात आणि कमी होतात, हे जर्मनीतल्या देसाऊ गावच्या हाइनरिश श्वाबे नावाच्या औषधविक्रेत्याने १८४३ मध्ये दाखवलं. तो खरं तर बुधाच्या आतल्या बाजूला एखादा ग्रह सापडतो का ते शोधत होता. त्यासाठी सतरा वर्षं आकाश निरभ्र असेल त्या दिवशी तो सूर्य बघायचा आणि डाग मोजायचा. ग्रह सापडला नाही, चक्र सापडलं. पुढे ते साधारण अकरा वर्षांचं असल्याचं ठरलं. १७५५ पासून या चक्रांना क्रमांक दिलेत. आता चालू आहे ते पंचविसावं, २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेलं. २०२४ मध्ये सूर्य या चक्राच्या शिखरावर होता. म्हणजे माझी नात भर शिखरावर जन्मली.

मित्राच्या मजकुरात नॉर्वेचं नाव होतं. तो अभ्यास खरा आहे. २०१५ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. नॉर्वेतल्या संशोधकांनी तिथल्या चर्चच्या जुन्या वह्या काढल्या. १६७६ ते १८७८ या काळातल्या ९,०६२ माणसांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांनी सूर्याच्या चक्राशी ताडून पाहिल्या. शिखराच्या काळात जन्मलेली माणसं, शांत काळात जन्मलेल्यांपेक्षा सरासरी ५.२ वर्षं कमी जगली होती. त्यातही बालमृत्यूचा वाटा मोठा होता. कारण काय असावं? संशोधकांचा अंदाज असा की, शिखराच्या वर्षांत अतिनील किरणं वाढतात आणि गरोदर बाईच्या रक्तातलं फोलेट त्याने नासतं. फोलेट म्हणजे हिरव्या पालेभाजीतून मिळणारं जीवनसत्त्व. पोटातल्या बाळाच्या पेशी वाढायला ते लागतंच.

आणखी एक अभ्यास ऑस्ट्रियातला, १९९८ चा, 'नेचर'मध्ये आलेला. सैन्यात भरतीसाठी आलेल्या पाच लाखांहून अधिक तरुणांची उंची त्यांच्या जन्ममहिन्याशी लावून बघितली. वसंतात जन्मलेले तरुण शरदात जन्मलेल्यांपेक्षा सरासरी ०.६ सेंटिमीटरने उंच निघाले. सूर्यप्रकाशाचा, ऋतूचा काहीतरी ठसा शरीरावर उमटतो, एवढं यातून दिसतं.

इथवर वाचून मला आपाला फोन करावासा वाटला होता. मग शिक्षकाची सवय आडवी आली. पोरांना मी नेहमी सांगायचो, उत्तर आवडलं तर ते दोनदा तपासा.

तपासलं तेव्हा काय दिसलं? पहिली गोष्ट, नॉर्वेच्या वह्यांत बाळाचं वजनच नाही. त्या काळी पाद्री बाप्तिस्मा आणि दफन लिहायचे, बाळाला तराजूत कोण घालणार? म्हणजे तो अभ्यास जगण्या-मरण्याचा आहे, आकाराचा नाही. दुसरी गोष्ट, अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेत फरक पडतो तो सुमारे ०.१ टक्का. अतिनील किरणांत तो जास्त पडतो, पण ज्या किरणांत सर्वांत जास्त पडतो ती वरच्या वर, ओझोनच्या थरात आणि त्याच्याही वर, अडवली जातात. तिसरी गोष्ट, असा परिणाम पकडायचा तर एक-दोन शिखरं पाहून भागत नाही. दहा शिखरं पाहायला शंभरावर वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात पीक, साथी, औषधं, राज्यं सगळं बदलतं. त्या गर्दीतून एकट्या सूर्याचा आवाज वेगळा ऐकणं फार कठीण. खुद्द संशोधकही "असू शकेल" हाच शब्द वापरतात.

चौथी गोष्ट मात्र मला टोचली. नॉर्वेच्या त्या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता, जो मित्राच्या मजकुरात नव्हता. शिखराच्या वर्षी जन्मलेल्या बायकांना पुढे मुलंबाळं कमी झाली, पण सगळ्या बायकांना नव्हे. खालच्या थरातल्या, गरीब घरच्या बायकांना. वरच्या थरात हा फरक आढळला नाही.

सूर्य तर दोघींच्या डोक्यावर एकच होता. मग तो एकीला सोडून दुसरीलाच का लागला?

याचं उत्तर शोधताना मी आपल्याच दारात येऊन पोचलो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनमध्ये किती माणसं गिळून गेला ते आपल्या जुन्या लोकांनी ऐकलेलं असतं. तो चालू असतानाच, १८७७ मध्ये, विल्यम हंटर हा सरकारी आकडेवारीचा मुख्य अधिकारी आणि नॉर्मन लॉकयर हा खगोलशास्त्रज्ञ, या दोघांनी मिळून सूर्याचे डाग आणि दुष्काळ यांच्यावर एक लेख लिहिला. मद्रासचा पाऊस अकरा वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होतो, डाग कमी झाले की पाऊस हटतो आणि दुष्काळ पडतो, असं त्यांचं म्हणणं. ही माणसं लबाड नव्हती, त्यांना खरंच कोडं सोडवायचं होतं. या कुतूहलातून चांगलंही काही निघालं. कोडईकनालची सौर वेधशाळा ज्या हालचालींतून उभी राहिली, त्यांची सुरुवात त्याच दुष्काळानंतरची.

पण त्याच वर्षांत इथलं धान्य आगगाडीने बंदरावर जात होतं आणि तिथून जहाजाने विलायतेला. रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी ठरवली, ती दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढीच. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. एका बाजूला सूर्यावरच्या डागांची मोजदाद चालली होती, दुसऱ्या बाजूला खाली माणसाच्या ताटातला घास मोजून कमी केला जात होता. पाऊस सूर्यामुळे हटला असेल किंवा नसेलही. पण धान्य जहाजात सूर्याने भरलं नव्हतं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि कपाटातून सुनेची फाइल काढली. नऊ महिन्यांत मी ती एकदाही उघडली नव्हती. सातव्या महिन्यातलं हिमोग्लोबिन ८.४. बाजूला डॉक्टरांनी लाल पेनने गोल केलेला. फाइलच्या मागच्या खिशात लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं, काही तर फोडलेलीच नाहीत. सरकार गरोदर बाईला निदान १८० दिवसांच्या या गोळ्या देतं. त्यांत लोह असतं आणि फोलिक ॲसिडही, म्हणजे ज्या फोलेटची चिंता नॉर्वेतल्या संशोधकांना होती तेच. औषध आमच्या घरात, कपाटात, माझ्या चष्म्याच्या डबीशेजारी पडून होतं.

सुनेला मी हळूच विचारलं. तिने आधी टाळलं. मग म्हणाली, "अब्बा, गोळी घेतली की मळमळायचं. काळी शौच व्हायची, भीती वाटली. कुणाला विचारणार?"

मग मला एकेक आठवत गेलं. आमच्या घरात आधी पुरुष जेवतात, मग मुलं, मग माझी बायको आणि शेवटी सून. हे कोणी ठरवलेलं नाही, चालत आलंय. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला रस्सा येतो, बोटी येत नाही. डाळीचं पाणी येतं, डाळ येत नाही. मार्चात रमजान लागला तेव्हा तिला सातवा महिना होता. तिने रोजे धरले. गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी वाटत असेल तर रोजा सोडायची, नंतर भरून काढायची सवलत आपल्या दीनने दिलेली आहे. मला ती माहीत आहे. मशिदीत मी ती दुसऱ्यांना सांगितलीही आहे. घरात सांगितली नाही. वाटलं, सासऱ्याने सुनेशी असलं काय बोलायचं. अकराव्या रोज्याला ती चक्कर येऊन मोरीत बसली, तेव्हा माझ्या बायकोने तिचे रोजे थांबवले.

बाळ कशाने बारीक झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. एका बाळाबद्दल तसं कोणीच सांगू शकत नाही. पण आपाने ग्रहण शोधलं, मी सौरवादळ शोधलं आणि ताटाकडे दोघांनीही बघितलं नाही. ताट जवळ होतं, म्हणूनच बघितलं नाही. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे. त्याला दोष दिला तर तो उलट काही बोलत नाही.

आणि हे आमच्याच घरचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बाया पोटात बाळ असताना मोळ्या उचलतात. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन निघालं सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त, त्यांची बाळं मोठी निघाली. ज्यांच्या वाट्याला कष्टाची कामं जास्त, पाणी भरणं, शेतात राबणं, त्यांची बाळं लहान.

याच संदर्भात मला आफ्रिकेतल्या गांबियाची गोष्ट सर्वांत बोलकी वाटली. गांबिया हा मुस्लिम बहुसंख्येचा छोटा, गरीब देश. तिथे पावसाळ्यात शेतीची कामं ऐन भरात असतात आणि कणग्या रिकाम्या. त्या उपासमारीच्या महिन्यांत जन्मणारी बाळं वजनाने कमी भरतात. म्हणजे सूर्य बाळापर्यंत पोचतोच, पण तो ऋतूतून, पिकातून आणि आईच्या ताटातून फिरून पोचतो. संशोधकांनी तिथल्या गरोदर बायकांना पाच वर्षं शेंगदाण्याची बिस्किटं खायला दिली. १९९७ मध्ये निकाल छापला. बाळांचं वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढलं आणि उपासमारीच्या महिन्यांत तर २०१ ग्रॅमने. सूर्य तोच, पाऊस तोच, काम तेच. बदललं ते फक्त खाणं.

शेंगदाणे! आमच्या घरात पोत्याने असतात.

पुढच्या आठवड्यात आपा बाळाला बघायला आली. बसल्या बसल्या तिने पुन्हा गिऱ्हाणाचा विषय काढलाच. सून आत होती, पण ऐकत होती. मी आपाला सौरचक्र सांगितलं नाही. तिला माहीत असलेलीच एक गोष्ट सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला, त्या दिवशी मदिनेत सूर्यग्रहण लागलं. अभ्यासक ते इसवी सन ६३२ च्या जानेवारीतलं मानतात. लोक म्हणू लागले, प्रेषितांच्या दुःखात सूर्यही काळवंडला. पोटचं पोर गमावलेल्या बापाला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण त्यांनी तिथल्या तिथे लोकांना थांबवलं. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असं बजावलं आणि नमाजला उभे राहिले.

आपा बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मरणाने नाही आणि जन्मानेही नाही म्हणाले?"

"जन्मानेही नाही."

"मग आता काय करायचं ते सांग."

मी फाइल तिच्यासमोर ठेवली. तिला वाचता येत नाही, पण लाल गोल कळला. त्या संध्याकाळी तिने शेंगदाणे भाजून घेतले, गूळ फोडला आणि डबाभर लाडू वळले. रात्री ताटं वाढली तेव्हा तिने सुनेला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं. सून आधी अवघडली. माझ्याकडे बघून पदर सावरला. मी रश्श्यातली बोटी वेचून तिच्या ताटात वाढली. तीस वर्षांच्या नोकरीत मी समतोल आहाराचा धडा किती वेळा शिकवला असेल, मोजदाद नाही. त्याचा पहिला प्रयोग त्या रात्री झाला.

नात आता दीड वर्षाची आहे. अजून हाडाने बारीकच, पण पळते. आंगणात उन्हात उभी राहून स्वतःच्या सावलीला लाथ मारते आणि हसते. सूर्याचे डाग एव्हाना कमी व्हायला लागले असतील. संशोधकांनी ते जरूर मोजावेत, मी वाचत राहीन. सुनेच्या गोळ्या मात्र आता मी मोजतो. बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या तिने पूर्ण घेतल्या. एकही पाकीट उरलं नाही.